बोर्ड नसलेली रिंग

(आपल्या शाळेच्या १९९७च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, २०२२ साली केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं तेवढं लिहिताना भरलं आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू न्यूझीलंडला असतेस, सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा नव्या तंत्रज्ञानावर पंधरा मिनिटं बोल." मी लगेच हो म्हटलं आणि विमानात बसल्यावर विषय बदलला. जेवणाच्या आधी संगणकावर भाषण म्हणजे निम्म्या हॉलला डुलकी. आणि भूगोलाच्या तासाला कोण कोण डुलक्या घ्यायचं ते सरांना अजून पाठ आहे. उगाच जुन्या जखमा कशाला?

मी आज एका खेळाडूबद्दल बोलणार आहे. तिचं नाव आयरीन वॅन डाइक. इथे कुणी हे नाव ऐकलेलं नसेल. तिचा खेळ नेटबॉल. तोही ऐकलेला नाही, असं मघाशी दोघातिघांनी मला सांगितलं. ते मात्र खोटं आहे! हा खेळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. विहिरीच्या बाजूच्या मैदानावर दोन लोखंडी खांब होते, त्यांना वर एकेक रिंग होती आणि मागे बोर्ड नव्हता. आठवलं? आपण सगळे त्याला "अर्धवट बास्केटबॉल" म्हणायचो. शाळेकडे बोर्डाला पैसे उरले नाहीत, असा मुलांचा शोध होता. पीटीच्या बाई कितीदा सांगायच्या, "अरे, हा वेगळा खेळ आहे, याला बोर्ड नसतोच." कोण ऐकतंय! गॅदरिंगला त्यावर नाटुकलंही झालं होतं, आणि त्यात बाईंचं काम केलेला मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसून खाली बघतोय.

तर ज्यांनी त्या वेळी ऐकलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटांत नेटबॉल. एका संघात सात जणी. मैदानाचे तीन भाग. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरं, आणि कुणी कुठल्या भागात जायचं ते ठरलेलं. सेंटर तिन्ही भागांत फिरते, पण तिलाही गोलाच्या अर्धवर्तुळात पाऊल टाकायची परवानगी नाही. रिंगमध्ये चेंडू टाकायचा हक्क फक्त दोघींना, गोल शूटर आणि गोल अटॅक. चेंडू आपटत पळायचं नाही. हातात आला की तीन सेकंदांत दुसरीला द्यायचा नाही तर रिंगकडे टाकायचा. समोरच्या संघातली मुलगी चेंडूवालीपासून ठरावीक अंतरावर उभी राहणार. हात वर करू शकते, अंगाला लागू शकत नाही. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे बरोब्बर दहा फूट.

यातून एक गोष्ट आपोआप होते. या खेळात एकटी मुलगी काहीच करू शकत नाही. कितीही चपळ असली तरी ती चेंडू घेऊन या टोकापासून त्या टोकाला जाऊ शकत नाही. चेंडू पुढे जायचा तर तो चार-पाच हातांतून जावा लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे.

आता आयरीनची गोष्ट. ती १९७२ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मली. उंची १९० सेंटिमीटर, आपल्या भाषेत सव्वासहा फुटांच्या जवळ. पेशाने शिक्षिका. ती मोठी होत होती तेव्हा वर्णद्वेषी राजवटीमुळे तिच्या देशाला जगाच्या मैदानांवर जागा नव्हती. नेटबॉलच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिका १९६७ नंतर खेळलीच नाही, ती थेट १९९५ मध्ये बर्मिंगहॅमला. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. त्या काळात तिथे किती मुली चांगल्या खेळल्या असतील आणि आपल्या गावाबाहेर कुणालाही कळल्या नसतील! त्यात गोऱ्या मुलींना निदान मैदान तरी होतं. काळ्या मुलींना तेही धड नव्हतं.

आयरीनला वेळ साधली. १९९४ मध्ये त्या देशात पहिल्यांदा सगळ्यांनी मतदान केलं, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी ती देशाकडून पहिला सामना खेळली. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला या नवख्या संघाने न्यूझीलंडला हरवलं आणि अंतिम सामना गाठला. तिथे ऑस्ट्रेलिया भारी पडली, पण रौप्यपदक मिळालं. अठ्ठावीस वर्षांनी आलेला संघ एकदम दुसरा! पुढे ती दक्षिण आफ्रिकेची कर्णधारही झाली. देशाकडून ती ७२ सामने खेळली.

आणि मग २००० साली, ऐन भरात असताना, नवरा आणि छोटी मुलगी यांच्यासह ती न्यूझीलंडला राहायला गेली. वेलिंग्टनच्या संघाकडून खेळू लागली, आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, म्हणजे सिल्व्हर फर्न्सकडून मैदानात उतरली. काल ज्यांच्याविरुद्ध खेळत होती त्यांच्याच काळ्या गणवेशात.

बोलणारे दोन्हीकडे बोलले. तिकडचे म्हणाले, आम्ही घडवली आणि ती दुसऱ्यांना जाऊन मिळाली. इकडचे म्हणाले, आमच्या पोरी लहानपणापासून घाम गाळतायत आणि आयत्या वेळी आलेल्या बाईला त्यांची जागा? मला दोन्हीकडच्यांचं म्हणणं समजतं. कर्णधार निघून गेल्यावर मागे राहिलेल्या संघाला काय वाटत असेल? आणि जिची जागा गेली त्या मुलीने घरी जाऊन काय सांगितलं असेल?

तिने वाद घालत बसण्यापेक्षा खेळून दाखवलं, एवढं मात्र कागदावर आहे. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत न्यूझीलंड अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ५५–५७ असा हरला. सामना बरोबरीत सुटला म्हणून जादा वेळ, त्यातही बरोबरी, मग जो संघ दोन गोलांनी पुढे जाईल तो जिंकला असा निकाल. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, जमैकात किंग्स्टनला जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने त्याच ऑस्ट्रेलियाला ४९–४७ असं हरवलं. प्रशिक्षक होत्या रूथ एटकिन. न्यूझीलंडला ते अजिंक्यपद १९८७ नंतर मिळत होतं, म्हणजे सोळा वर्षांनी. २००६ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियाच्या अंगणात, राष्ट्रकुल सुवर्ण.

मग २०१०, आपली दिल्ली. ती राष्ट्रकुल स्पर्धा तुम्हाला वेगळ्या कारणांनी आठवत असेल. वर्तमानपत्रं त्याच कारणांनी भरली होती. पण त्यागराज क्रीडा संकुलात नेटबॉलचे सामने झाले, आणि त्यात प्राची तेहलानच्या नेतृत्वाखाली भारताचा संघही खेळला, हे इथे किती जणांना माहीत आहे? मलाही तिकडे राहून कळलं. अंतिम सामना पुन्हा त्याच दोघांत. पुन्हा जादा वेळ, पुन्हा बरोबरी, पुन्हा दोन गोलांचा हिशोब. या वेळी ६६–६४ न्यूझीलंड. शेवटचा गोल मारिया टुटायाचा. मी हॅमिल्टनमध्ये शेजारणीच्या घरी तो सामना पाहत होते. शेजारीण सोफ्यावर उभी राहून ओरडत होती आणि मला मात्र रडू येत होतं. तिला वाटलं, भारतात सामना आहे म्हणून हिला घरची आठवण आली. तेही होतं. पण पुरतं तेवढंच नव्हतं.

हरलेले सामनेही सांगते, नाही तर ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी होईल. २००७ची जागतिक स्पर्धा तिच्या नव्या देशात, ऑकलंडला झाली. अंतिम सामना हरली, ३८–४२. २०११मध्ये सिंगापूरला जादा वेळेत एका गोलाने हरली, ५७–५८. म्हणजे घरच्या मैदानावरही पराभव, आणि एका गोलाने हातातून गेलेलं अजिंक्यपदही. २०१२ मध्ये तिच्या वायकाटो–बे ऑफ प्लेंटी मॅजिक या संघाने ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंडची संयुक्त लीग जिंकली. ती लीग २०१६ पर्यंत चालली, पण न्यूझीलंडच्या दुसऱ्या कुठल्याच संघाला ती जिंकता आली नाही. जून २०१४ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय खेळ थांबवला. न्यूझीलंडकडून १४५ सामने, आधीचे ७२, एकूण २१७. तोवर जगात एवढे आंतरराष्ट्रीय सामने कुठलीच नेटबॉलपटू खेळली नव्हती. वय ४२च्या घरात. म्हणजे आज आपण ज्या वयाचे आहोत आणि जिना चढून वर आल्यावर ज्या वयात खुर्ची शोधतो, त्या वयापर्यंत ती देशाकडून खेळत होती.

हे तिला जमलं कसं? इथे माझ्यातली इंजिनियर थोडी बोलणार आहे, गणिताच्या सरांनी सांभाळून घ्यावं.

उंची हे एक कारण, पण उंच मुली जगात पुष्कळ असतात. खरं कारण अचूकता. तिचे शंभरातले नव्वदाहून जास्त फेक रिंगमधून जायचे. आता हिशोब करा. एका सामन्यात समजा शूटरला पन्नास संधी मिळाल्या. ऐंशी टक्के अचूकता असेल तर चाळीस गोल. नव्वद टक्के असेल तर पंचेचाळीस. फरक पाच गोलांचा. आणि मी तुम्हाला आत्ता जे अंतिम सामने सांगितले ते किती फरकाने सुटले? दोन, दोन, दोन, चार, एक. आपण शाळेत म्हणायचो ना, "ऐंशी काय नि नव्वद काय, डिस्टिंक्शन ते डिस्टिंक्शन"? तिथे तसं नाही.

दुसरं, त्या न बसवलेल्या बोर्डाचं. रिंगचा व्यास ३८ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २२. ऐकायला जागा भरपूर वाटते. पण चेंडू सरळ वरून पडला तरच त्याला ३८ सेंटिमीटर मिळतात. तिरका आला तर रिंग त्याच्यासाठी अरुंद होत जाते. ४५ अंशांनी खाली आला तर सत्तावीसच उरतात. ३० अंशांनी आला तर एकोणीस, म्हणजे चेंडूपेक्षा कमी. तो कडेला आपटणारच. आणि मागे बोर्ड नसल्यामुळे चुकलेला चेंडू परत फिरून आत पडण्याची दयाही नाही. म्हणून चेंडू उंच टाकावा लागतो. बाई, तुम्ही आम्हाला त्रिकोणमिती न सांगता एवढंच सांगायचात, "चेंडू आधी आभाळाला दाखव, मग रिंगला." मी हा हिशोब पंचवीस वर्षांनी कागदावर मांडला आणि तुमचंच वाक्य खाली आलं.

तिसरं, तिचं एक पाऊल. नियम असा की चेंडू हातात घेऊन ज्या पायावर उतरलात तो पाय उचलला तर चेंडू सुटेपर्यंत पुन्हा टेकायचा नाही. दुसरा पाय मात्र टाकता येतो. आयरीन चेंडू झेलायची आणि नियमात बसणारं ते एक पाऊल खांबाकडे टाकायची. अंतर कमी, फेक सोपी. सगळ्या जगाला माहीत होतं ती काय करणार आहे, तरी अडवता यायचं नाही.

हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. हॅमिल्टनमध्ये क्लॉडलँड्सला मॅजिकचा सामना होता. मी मुलीला घेऊन फार लवकर पोचले. तासभर आधी पोचायची आपली सवय, एसटी चुकू नये म्हणून लागलेली. मैदानावर सराव चालू होता. आयरीन खांबापासून चार पावलांवर उभी. चेंडू आला, पाऊल, फेक. चेंडू आला, पाऊल, फेक. माझ्या मुलीने मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे कंटाळून आइस्क्रीम मागितलं. त्या बाईने तोवर आयुष्यात असे काही लाख चेंडू टाकले असतील. तरी ती पहिल्यांदाच टाकत असल्यासारखी प्रत्येक वेळी रिंगकडे बघत होती. आमच्या कामात एक प्रकार असतो. प्रोग्राममध्ये एक ओळ जरी बदलली तरी काल बरोबर चाललेल्या सगळ्या गोष्टी आज पुन्हा तपासायच्या. नव्या मुलांना ते काम कमीपणाचं वाटतं. त्यांना मी आता हे पाऊल सांगते.

आणि आता मी तिथे येते जिथे यायला मला पंचवीस वर्षं लागली.

आपल्या संघाच्या मुलींनो, तुम्ही आठ जणी आज इथे आहात. जुन्या परकरांच्या कापडावर ऑइल पेंटने आपण अक्षरं काढली होती. माझ्या पाठीवर "सी", सेंटर. बाईंनी मला सेंटर का केलं हे मला कधी कळलं नाही. बहुतेक बडबड जास्त होती म्हणून. आणि गोल शूटर होती ती, आपल्या वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. तिने मला बजावलंय, "स्टेजवरून माझं नाव घ्यायचं नाही." घेत नाही. तिला वर्गात "खांब" म्हणायचे. ती खांबासमोर उभी राहिली की मात्र कुणी काही म्हणायचं नाही. तिचा चेंडू आभाळाला दाखवून यायचा.

दहावीच्या वर्षी साताऱ्याला शाळाशाळांचे सामने होते. आपण दोन महिने सराव केला होता. सामन्याला दहा दिवस उरले असताना वडिलांनी माझी शिकवणी लावली, संध्याकाळी पाचची. सरावाचीच वेळ. वडिलांचा दोष नाही. त्यांनी विचारलं होतं, "खेळाचं काय ते बाईंना सांगून येशील ना?" मी म्हटलं, येईन. आणि गेले नाही. बाईंसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. धाकट्या भावाच्या हातून चिठ्ठी पाठवली: "पोटात दुखत असल्यामुळे येऊ शकत नाही." दुसऱ्या दिवशीही तीच चिठ्ठी, तारीख बदलून. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीही नाही.

तुम्ही नववीतल्या एका मुलीला घाईघाईत सेंटर केलंत आणि साताऱ्याला गेलात. पहिलाच सामना हरलात. मी ते मंगळवारी वर्गात ऐकलं, मान खाली घालून, वहीत काहीतरी लिहिल्याचं नाटक करत. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला दहावीला चांगले मार्क पडले, इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, नोकरी लागली, २००८ मध्ये परदेश. या फळ्यावर अजून माझं नाव आहे, मघाशी पाहिलं. तिचं नाव कुठल्याच फळ्यावर नाही. ती आज एसटीत वाहक आहे, आणि आपल्या जिल्ह्यात घंटीची दोरी हात न ताणता ओढणारी ती एकटीच असेल. तिला चेंडू आणून देणारी सेंटर नव्हती. त्या दिवशी निवड करणारे लोक मैदानाच्या कडेला बसले होते, असं मला खूप नंतर कळलं. शूटरच्या हातात चेंडूच आला नाही तर ते कागदावर काय लिहिणार? मघाशी मी म्हटलं ना, या खेळात चेंडू चार-पाच हातांतून जावा लागतो. त्यातला एक हात मी काढून घेतला होता.

आयरीनची गोष्ट मी न्यूझीलंडला गेल्यावर पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, बघा, एवढी मोठी खेळाडू, तीही सोडून गेली. जाणारे जातात, त्यात काय? कित्येक वर्षं मी तिला माझ्या बाजूची साक्षीदार म्हणून वापरलं. पण तिची सगळी कहाणी वाचत गेले तसं ते जमेना. तिने संघ बदलला. लोक काय बोलतील हे माहीत असून उघड बदलला, तोंड लपवलं नाही, आणि ज्या नव्या संघात गेली त्याच्यासाठी चौदा वर्षं रोज ते पाऊल टाकत राहिली. मी संघ बदलला नव्हता. मी न सांगता गायब झाले होते. जाणं आणि न सांगता जाणं या दोन गोष्टी एक नाहीत. अभ्यासासाठी खेळ सोडला म्हणून मला वाईट वाटत नाही, ती निवड कदाचित मी आजही करीन. पण दहा दिवस हातात होते. पहिल्याच दिवशी बाईंकडे जाऊन "मी येणार नाही" एवढं म्हटलं असतं, तर त्या नववीतल्या पोरीला तयारीला दहा दिवस मिळाले असते.

बाई, ते पोटदुखीचं खोटं होतं. पंचवीस वर्षांनी सांगते आहे. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हेही मला माहीत आहे.

हे सगळं काल रात्री मी आपल्या शूटरला सांगितलं. गच्चीवर बसलो होतो. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "झालं तुझं? ऐक. समोरच्या पोरी वर्षभर खेळत होत्या. तू असतीस तरी आपण हरलोच असतो. फक्त थोड्या कमी गोलांनी." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "पण तू असायला हवी होतीस." मला माफी मिळाली की नाही ते अजून नक्की कळलेलं नाही. चहा मात्र तिने करून दिला.

आता कामाचं बोलते आणि खाली बसते.

आज सकाळी आम्ही मैदानावर गेलो होतो. विहिरीकडचा एक खांब उभा आहे, रिंग गंजलेली आहे. दुसरा खांब सायकली लावायच्या शेडला आधार म्हणून वापरलाय. चांगला उपयोग झाला, तक्रार नाही. आम्ही आठ-नऊ जणींनी ठरवलंय की शाळेला दोन नवे खांब, रिंगा आणि बारा चेंडू द्यायचे. आखणीचा खर्चही आमचा. मुख्याध्यापक सरांनी होकार दिलाय. बोर्डासाठी वर्गणी काढू का, असं मघाशी एकाने विचारलं. त्याला कुणीतरी बाजूला घेऊन समजवा.

देणगीला अट घालू नये, म्हणून ही विनंती समजा. दहावीच्या वर्षी मुली खेळ सोडतात. काही जणींना सोडावाच लागतो, त्याबद्दल मी कुणाला उपदेश करणार नाही. पण जिला सोडायचा आहे तिने बाईंना किंवा सरांना समोर येऊन सांगावं, आणि शिक्षकांनी तिला न रागावता विचारावं, "तुझी जागा कोण घेईल, तिला दोन दिवस शिकवशील का?" एवढी रीत शाळेत पडली तरी पुष्कळ झालं. मला हे कुणी विचारलं असतं तर मी शिकवणी संपवून सहा वाजता पळत आले असते.

माझी मुलगी आता तिकडे शनिवारी सकाळी नेटबॉल खेळते. तिथे गावोगावी शेकडो मुली शनिवारी हाच खेळ खेळत असतात. तिची जागा विंग डिफेन्स. या जागेवरच्या मुलीला गोल कधीच करता येत नाही आणि पेपरात नाव कधीच येत नाही. मागच्या हिवाळ्यात तिला ताप होता. मी म्हटलं, मेसेज टाकून दे, आज येत नाही म्हणून. ती म्हणाली, "मेसेज नको, फोन करते. त्यांना दुसरी शोधावी लागेल." फोन तिने स्वतः केला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक पातेलं घासलं.

जेवणानंतर चार वाजता विहिरीकडच्या एका खांबावर जमू या. चेंडू मी बॅगेतून आणलाय, हवा भरायला सायकलच्या दुकानातून पंप मागवलाय. साड्या नेसून आलात तरी चालेल, पदर खोचा. मी सेंटरला उभी राहीन. शूटरची ड्युटी आज नाही, मी डेपोत विचारून खात्री केली आहे. बाई, तुम्ही फक्त शिट्टी वाजवा.

आणि मी चार वाजता येणार आहे. चिठ्ठी पाठवणार नाही.